सूरवाल्याचा कान

सगळी गल्ली त्याला सूरवाला म्हणायची. बिघडलेलं व्हायोलिन त्याच्या मांडीवर आलं की रुसलेलं लेकरू गप्प व्हावं तसं सुरात यायचं. पण हल्ली वरचे बारीक सूर त्याच्या कानांतून वाळूसारखे निसटत होते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुकानात एकटा असताना फोनवर कानाचं मशीन तेवढं शोधलं होतं.

दुसऱ्या दिवशी संगीतशाळेच्या बाई व्हायोलिन घेऊन आल्या. सूर मिळवायला त्याने फोनवर आधारसूर वाजवणारं नेहमीचं पान उघडलं. सुराआधी जाहिरातच खणखणीत ओरडली, "कमी ऐकू येतंय? आता लपवू नका!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. बाई काय समजायचं ते समजल्या. "राहू द्या, नंतर बघू," म्हणत व्हायोलिन उचलून चालत्या झाल्या.

डबा घेऊन आलेली थोरली बहीण दारातच उभी होती. सगळी नोकरी टपालात काढलेली, जिभेने तिखट.

"ताई, मी कुणालाच सांगितलं नव्हतं गं! नुसतं शोधलं होतं!"

"तेच तर! मी जन्मभर लोकांची पाकिटं वाटली. एक जरी फोडलं असतं तर घरी बसवलं असतं मला. आणि हे मेले जाहिरातवाले रोज आपली पाकिटं फोडतात, काय शोधलं ते वाचतात, वर विकतात! ब्राउझर बदल म्हणून किती डोकं फोडलं तुझ्यापाशी. तर म्हणे, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय!"

"आता इनकॉग्निटोमध्येच शोधेन," तो धुसफुसला.

"त्याने फक्त तुझ्या फोनातल्या खुणा पुसल्या जातील. मागावरचे मागावरच राहतील. आण इकडे!"

तिने रागारागाने बोटं चालवली. माग काढणाऱ्यांना अडवणारा ब्राउझर आला, जाहिराती रोखणारा ब्लॉकर चालू झाला. तेच पान पुन्हा उघडलं. एकच स्वच्छ सूर दुकानभर पसरला.

"आता कुणालाच काही कळणार नाही?"

"इतकं सोपं असतं तर! पण दार तरी लागलं. आता घरी जा, बायकोला तरी तुझ्या तोंडून कळू दे."

त्याने सांगितलं. मग मशीन आणलं आणि ते कानात घालून तो थेट संगीतशाळेत गेला. "बाई, कान थकलेत माझे. हे लावून सूर लावतो. पटलं तरच काम द्या."

बाईंनी सूर ऐकला आणि व्हायोलिन त्याच्या हाती दिलं. "हे तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"सांगणारच होतो हो! माझ्याआधी फोन बोलला!"

मित्रहो, दुखणं आपलं, तर ते कुणाला आणि कधी सांगायचं हेही आपणच ठरवायचं. राग आला ना? मग तो निवायच्या आत आपला ब्राउझर बदला!