भावांमधली फट

म्हातारीने भिंतीच्या फटीत बोट घातलं. ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

फटीच्या अलीकडे तिच्या थोरल्याचं नाव कोरलेली पाटी होती, पलीकडे धाकट्याची. दोघे एकाच दिवशी खाणीत गेले. त्यांचं आणि त्यांच्या सोबत्यांचं स्मारक आता खाणीच्या तोंडाशी उभं राहत होतं. लांबलचक भिंत, आणि तिच्यावर आडनावांच्या क्रमाने नावं. म्हातारीच्या दोन्ही सुना मागे उभ्या होत्या, पण दोन टोकांना.

"ही बुजवा," म्हातारी म्हणाली. "भाऊ आहेत ते. शेजारी शेजारी राहू देत."

इंजिनिअरला मजूर पाठीमागे फूटपट्टी म्हणत. जेवणाचा डबासुद्धा तो भिंतीला समांतर ठेवी. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आजी, नाही बुजवता येत. उन्हाने भिंत फुगते, थंडीत आकसते. मध्ये हलायला जागा नसली की तडा जातो."

"एवढ्या जाड भिंतीला?"

"कितीही जाड असू दे."

"आणि तो कुठून जाईल?"

"ते काही सांगता येत नाही. एखाद्या नावावरूनही जाईल."

म्हातारीने थोरल्याच्या नावात साचलेली दगडाची भुकटी बोटाने काढली. ते पाहून इंजिनिअरला राहवेना. त्याने नकाशा उलगडला.

"एक करता येईल. पाट्या अजून पक्क्या केलेल्या नाहीत. सगळी ओळ एका पाटीने सरकवली, की दोघे एका बाजूला येतील. गवंडी मला शिव्या घालेल, पण घालू दे."

"घालणारच," मागून गवंडी म्हणाला, आणि हातातलं काम खाली ठेवून उठलाही.

म्हातारी आली होती ती एवढ्यासाठीच. तरी ती हो म्हणेना.

"वाटणी मागत होते दोघे," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझे डोळे मिटेपर्यंत घरात चूल एकच राहील. मग मांडीला मांडी लावून जेवायचे, पण बोलायचे नाहीत. त्या दिवशीही न बोलताच बाहेर पडले."

इंजिनिअरने नकाशाची घडी घातली. ती तिरकी पडली. त्याने ती तशीच राहू दिली.

"ही फट उघडीच राहणार?" म्हातारीने विचारलं.

"नाही. रबरासारखं मऊ काहीतरी भरतो आत. कडक भरलं तर फट न ठेवल्यासारखंच."

"मग असू द्या. आहे तिथेच असू द्या."

ती गवंड्याकडे वळली.

"घरचं काम घेता का? स्वयंपाकघरात मधोमध भिंत घालायची आहे."

सुनांनी चमकून एकमेकींकडे पाहिलं.

"आई, नको हो," थोरली म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"घेतो की," गवंडी म्हणाला. "कधी येऊ?"

"या दोघी सांगतील तेव्हा."

ती चालू लागली. चार पावलांवर थांबून तिने मागे पाहिलं.

"भिंतीला दार ठेवा मात्र. कडी नको."