उताणं पोहायची अट

सासूबाईंनी मला पोहायला लावलं ते मायेनं, असं आमच्या निर्णा गावात लोक अजून बी म्हणतात. म्हणू देत. विहिरीत मी होते, ते नव्हते.

माझ्या आधीची सून, मालकांची पहिली बायको रुद्रम्मा, आमच्याच मळ्यातल्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं घरातले सांगायचे. ठाण्याचा अमीनसाब आला, पंचनामा झाला, सासऱ्यांना चार दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. वर्षाच्या आत मला आणून मालकांच्या शेजारी उभं केलं. दीड वर्ष झालं तरी माहेरी, खजुरीला, एकदा बी पाठवलं न्हाई. शेंगा निघू दे, हुरडा होऊ दे, मळणी होऊ दे. त्या घरातली कामं कधी संपतच नव्हती.

मग माझ्या भावाचा, अण्णाचा सांगावा आला. धाकट्या बहिणीचं, कमलम्माचं लग्न ठरलंय, पुनवेनंतरच्या बुधवारी गाडी घेऊन येतो, हेमावतीला तयार ठेवा. मी सासूबाईंचे पाय धरले. सासूबाई, म्हणजे सिद्धम्मा, सुपात जोंधळे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी पोहायला शीक. उताणी होऊन विहिरीच्या ह्या कडंहून त्या कडंला गेलीस की जा."

"उताणीच कामून?"

"पालथं पोहलं की लिंग पाण्यात लोंबतंय. गळ्यातलं शिवदार तुटलं तर? उताणीला ते छातीवर ऱ्हातंय."

खोटं न्हाई ते. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग गेलं म्हणजे जीवच गेला. मला वाटलं, देवाधर्माची बाई, माझी काळजी करायलीय. येडीच मी.

शिकवायला कलाबाई होती. आमच्या वाटेकऱ्याची, हरिबाची बायको. मांजरेच्या काठावर वाढलेली. पाण्यातल्या पायरीवर उभी राहून ती माझ्या मानेखाली तळवा धरायची. आणि सासूबाई वर बसायच्या, माझ्या कमरेला बांधलेल्या कासऱ्याचं टोक मुठीत धरून. बैलाचाच कासरा तो, गोठ्यातनं आणलेला. मला त्याचा लई राग यायचा.

कानात पाणी शिरलं की माझे दोन्ही हात आपोआप लिंगावर जायचे. ते छातीशी गच्च धरायचे, कंबर मोडायची, आणि मी खाली. नाकातोंडात पाणी. दहा दिवस हेच चाललं.

"अगं, धरलंस की बुडलीस," कलाबाई वैतागायची. "हात सोड की. तुझा देव काय पळून चाललाय व्हय?"

शेवटी तिनंच एका फडक्यानं लिंग माझ्या छातीला आवळून बांधलं. हात मोकळे झाले. मग एकेक हात डोक्यामागनं टाकत, पाय मारत, पलीकडच्या दगडावर टाळू आपटेपर्यंत मी गेले. इतकं बरं वाटलं की रडलेच.

बुधवारी अण्णा आला. बैल सोडून चिंचेखाली बसला. मी विहीर पार करून दाखवली, एकदा न्हाई, तीनदा. सासूबाई पायरीवरच बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. "आता मला झोप लागंल," म्हणाल्या. मग डोळे पुसून वर गेल्या आणि अण्णाला म्हणाल्या, "गुरुशांतप्पा, जेवून जावा. हेमा काय येत न्हाई. मळणी पडलीय."

मी ओलेत्यानं मागं धावले. "तुम्ही शब्द दिलता."

"दिलता. तवा भ्या होतं. धाडत न्हाई म्हणून रुद्री गेली. आता तू उडी मारलीस तरी बुडणार न्हाईस."

ती बाई हे इतकं साधं बोलली, जसं काय आज पाऊस न्हाई म्हणावं. मला धाडायचं एकच कारण होतं तिच्याकडं, आणि ते मीच दहा दिवस खपून घालवलं होतं. माझं डोकं भणभणलं. कमरेचा कासरा सोडला, त्यांच्या अंगावर फेकला आणि परत पाण्यात शिरले. मधोमध उताणी झाले. धाडत न्हाई तवर वर येत न्हाई म्हणाले.

मोट थांबली. बैल खोळंबले. ओल्या लुगड्यातली बाई पाण्यात, म्हणून गडी पाठ करून उभे. मालक बी पाठमोरेच ओरडायले, "वर ये म्हणतोय ना." पोहायला त्या घरात माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. मालक कलाबाईला उतर म्हणाले, तर ती म्हणाली, माझा गुडघा दुखायलाय. माझे कान पाण्यात होते. दीड वर्षात पहिल्यांदाच सासूबाईंचं बोलणं मला धड ऐकू येत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, पाठ गारठली, बोटं सुरकुतली. पण बुडले न्हाई.

शेवटी सासूबाई खालच्या पायरीवर आल्या. त्यांनी आपल्या गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. त्यावर खोटं बोलायला आमच्यात कुणी धजत न्हाई. "लिंगाची आण. आत्ता धाडते," म्हणाल्या.

मी कडेला आले, पायरी धरली.

"आता तू बी घे हातात," त्या म्हणाल्या. "म्हण, लग्न झालं की पाचव्या दिवशी माघारी येईन. जलमभर ह्याच घरात ऱ्हाईन."

आण मला बी घालता येते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वर अण्णा गाडी जुंपायला लागला होता. माझे दात वाजत होते. फडकं सोडलं, लिंग हातात घेतलं, आणि म्हणाले तसं.

लग्न झकास झालं. पाचव्या दिवशी आईनं मला जवळ घेतलं. "जाऊ नको. ठेवून घेते तुला. तुझी भाकरी काय जड न्हाई आम्हाला." अण्णा बी म्हणाला, ऱ्हा तू, त्यांचं मी बघून घेतो. दीड वर्ष हेच ऐकायला जीव तडफडला होता माझा. आणि आईच्या मांडीवरनं उठून मलाच म्हणावं लागलं, अण्णा, गाडी जुंप.