कठड्याचा कोपरा

"पिराजण्णा, तो कोपरा अजून तसाच?" हयवदनराव जिन्यातूनच ओरडले. त्यांच्या हातात भिजलेली रेशमी साडी होती. चिकपेटेच्या बाजारात खाली त्यांचं साड्यांचं दुकान, आणि वर ही गळकी गच्ची.

"एवढा ऱ्हाऊ द्या की मालक. भोवतीनं पुन्हा सिमेंट ओढतो."

"गेल्या वर्षी ओढलंसच की! चुन्यावर सिमेंट धरत नाही, असं तूच पेटेभर सांगत हिंडतोस. आज फोड. नाहीतर उद्या दुसरा गवंडी आणतो."

रावांचं काही चुकत नव्हतं. पिराजीनं जन्मभर चुन्याच्या गच्च्या केल्या, आणि ही एक चूक जाणूनबुजून केली.

गच्ची सत्तावन्न सालची. गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलेला चुना बायका ओळीनं बसून लाकडी थापीनं ठोकत होत्या. ओळीच्या टोकाला त्याची बायको, यल्लव्वा. कठड्याच्या कोपऱ्यात थापी पोचेना, म्हणून तिनं तिथला चुना बोटांनीच दाबून बसवला.

"थापी घे की गं!" तो ओरडला होता.

"तुमच्या थापीपरास माझी बोटं शाणी हाईत," ती म्हणाली, आणि सगळी ओळ हसली.

त्याच वर्षी ती विषमज्वरानं गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. चार बोटांचे ठसे तेवढे या गच्चीवर राहिले. डागडुजीच्या निमित्तानं पिराजी वरचेवर यायचा, आणि आसपास कुणी नसलं की त्या ठशांत आपली बोटं ठेवून बसायचा. वेडेपणाच तो. पण माणूस गेल्यावर शहाण्यासारखं वागायला कुणाला जमलंय?

कोपरा गळायला लागला तेव्हा त्यानं तो फोडला नाही. ठसे उघडे ठेवून भोवतीनं सिमेंट ओढलं.

"आप्पा, मी फोडू काय?" शालननं विचारलं. आईची थापी आता ही लेक चालवत होती.

"नको. अख्खा निघतोय काय बघतो."

त्यानं पहार बाजूला ठेवली आणि छिन्नी घेतली. चहूबाजूंनी हळूहळू कोरत गेला. गच्चीवर नवा चुना ठोकणाऱ्या बायकांनी थाप्या थांबवल्या. कोपरा सुटल्यासारखा वाटला, तेव्हा त्यानं दोन्ही तळवे खाली घातले आणि उचलला.

सिमेंटनं अडवलेलं पाणी वर्षभर आतच मुरलं होतं. पाण्यात पडलेल्या भाकरीसारखा चुना त्याच्या हातात विरघळला. बोटं कुठली आणि चिखल कुठला, काही कळेना. जपायला म्हणून जे केलं, त्यानंच ते नेलं होतं.

पिराजी बायकांकडे वळून म्हणाला, "ठोका गं. थांबू नका."

दुपारी बायकांनी भाकरीची गाठोडी सोडली. शालननं तांब्या उचलला. "आप्पा, या. हातावर पाणी घालते."

"तुम्ही जेवा."

"चुना हाय हाताला. धुवा की."

त्यानं हात पुढे केले नाहीत. चुन्यानं भरलेल्या दोन्ही मुठी मिटून तो कठड्याला टेकून बसून राहिला.