खाऱ्या विहिरीकाठचा जलशोषक कण

मी साखरेच्या दाण्याएवढा एक जलशोषक कण आहे आणि माझी हकिगत मीच सांगणार आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. खनिज तेलापासून काढलेल्या आम्लाच्या लांब साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधून मला घडवले. या गाठींमुळे मी पाण्यात विरघळत नाही, केवळ फुगतो.

पिशवीत बसून मी खामपून आजींच्या घरी आलो. आजींचे थायलंडमधील गाव मातीतून मीठ काढणारे. विहिरीचे पाणीही खारट. वादळात आजींच्या आईची तुती उन्मळून पडली होती. तिच्याच पाल्यावर घरातील पिवळे रेशीमकिडे पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले होते. आजींनी तिची बारा कलमे लावली होती. मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आजींना दहा दिवस खोन केन शहरात लेकीकडे जाणे भाग होते, आणि सोबतीला शेजारीण सीनुआन जाणार होती. ऐन एप्रिलात पाणी घालायला मागे कोणीच नव्हते.

सीनुआनने पिशवीत डोकावून पाहिले. "मिठाच्या गावात मीठ विकत आणलंस? ताई, तुझे डोळे खरंच गेले गं!"

"मीठ कसलं? ही पूड पाणी पिते. चमचाभर टाकली की तांब्या भरतो म्हणे."

आजींनी बारा चमचे पूड बादलीभर विहिरीच्या पाण्यात टाकली. तासाभराने पाहिले, तर आम्ही तळाशी आखडून बसलेलो!

"दुकानदारानं गंडवलं तुला," सीनुआन हसली.

दोष दुकानदाराचा नव्हता. आमच्या साखळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते भार एकमेकांना दूर लोटतात. साखळ्या पसरतात आणि पाणी आत शिरते. खाऱ्या पाण्यातील क्षार त्या भारांना झाकतात. मग साखळ्या पसरणार कशा?

हताश आजींनी पिण्याच्या पाण्याचा वाडगा उचलला. बोटांना चिकटलेले चार कण त्यात पडले आणि पाहता पाहता टपोरे झाले.

दोघींची नजर रांजणाकडे गेली. त्यात गेल्या पावसाचे पाणी होते, तेही तळाला गेलेले. ते घरच्यांनी प्यायचे, पाहुण्याला द्यायचे. झाडाला ते कोणी घालत नसे.

"आईनं पाहिलं असतं, तर झोडपलं असतं मला," आजी पुटपुटल्या.

"झाडही तिचंच ना? ओत. परत आल्यावर माझ्या रांजणातलं पी. पण रोज टोमणे ऐकावे लागतील हं!"

दोघींनी आम्हांला फडक्यात गाळले, खारे पाणी निथळवले आणि पावसाच्या पाण्यात भिजवले. मग मुळांभोवतीच्या मातीत कालवले. माती सुकत गेली, तसतशी मुळे आमच्यापाशी आली. दहा दिवस मी थोडा थोडा रिता होत राहिलो.

अकराव्या दिवशी आजींचा आवाज ऐकू आला. "अकरा जगली गं!"

"नीट मोज. एका डोळ्यानं मोजतेस."

"बारावं वाळलं, सीनुआन."



या गोष्टीला तीन वर्षे झाली. ऊन आणि खते यांनी माझ्या साखळ्या झिजल्या आहेत. दर पावसाळ्यात मी आधीपेक्षा कमी फुगतो. माझी एकच विनंती आहे: पिशवीवरचे आकडे वाचून माझ्यावर विसंबू नका, आधी आपल्या विहिरीचे पाणी चाखून पाहा.

तुतीची मुळे आता माझ्याखाली हातभर खोल गेली आहेत. पाण्यासाठी ती माझ्याकडे वळत नाहीत. वळूही नयेत.