वर उचलून डावीकडे वळवलं की

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. विश्वास ठेवणारं कुलूप कोणी विकत घेत नाही.

माझा जन्म अलीगडचा. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात सात लिव्हर बसवले आणि पाठीवर बारीक अक्षरं उठवली. पुढे हिंगणघाटच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. तिथून ग्रामपंचायतीने मला केळझरच्या पलीकडच्या एका लहान गावात आणलं आणि नव्या अभ्यासिकेच्या दाराला लावलं. आत टेबलं, खुर्च्या, दोन पंखे आणि परीक्षांच्या पुस्तकांचं कपाट. लोक जाता-येता मला ओढून बघत आणि म्हणत, "कुलूप लय मजबूत हाय." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

किल्ली असे लक्ष्मणरावांकडे. ते निवृत्त कारकून आणि अभ्यासिकेच्या समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण माझ्याच जातकुळीचा संशयी. एका सकाळी तालुक्याचे साहेब पाहणीला येणार आणि यांना किल्ली सापडेना. शेवटी त्यांनी दगड उचलला आणि माझ्या डाव्या खांद्यावर तीन घाव घातले. मी तुटलो नाही. मग किल्ली त्यांच्याच सदऱ्याच्या आतल्या खिशात निघाली. साहेबांना माझ्यावरचा पोचा दिसला, तेव्हा लक्ष्मणराव पटकन म्हणाले, "बेड्यावरच्या पोट्ट्यायचं काम हाय, साहेब."

बेडा म्हणजे गावाबाहेरची पारध्यांची वस्ती. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बेड्यावरच्या दोन पोरांना चौकीत नेऊन संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

आता माझी लाज सांगतो. दगड कोणाच्या हातात होता हे मी स्वतः पाहिलं होतं. तरी वर्षभर दारात तेच तेच ऐकून मलाही बेड्यावरच्या माणसांचा संशय येऊ लागला. आणि खरं तर बिघडलो होतो मीच. त्या घावांनी माझ्या पोटातला एक लिव्हर सरकला होता. सरळ ओढलं तर मी घट्ट, पण वर उचलून डावीकडे वळवलं की सुटायचो. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

रीता बेड्यावरची, बारावी झालेली. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. पहाटे ती डांबरी रस्त्याने धावायची आणि दहाच्या सुमारास किल्ली मागायला यायची. धावण्यात तिला कोणी हरवणार नव्हतं, पण दिवाळीआधी लेखी परीक्षा होती आणि तिला लागणारी पुस्तकं या कपाटात होती.

"किल्ली घरी राह्यली पोरी, उद्या येजो," लक्ष्मणराव म्हणायचे. उद्या आली की साफसफाई निघायची. त्यांचा नातू मिहिर आला की मात्र किल्ली कुठेच राहत नसे. रीता मग पायरीवर बसून एकाच फाटक्या पुस्तकातली गणितं पुन्हा पुन्हा सोडवायची. मी तिच्यावर नजर ठेवून होतो.

तिला दिसेल ते वाचायची खोड होती. खताच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, काहीही. होळीच्या सुमारास एका दुपारी माझ्या पाठीवरची अक्षरं वाचायला तिने मला वर उचललं, उजेडाकडे, म्हणजे डावीकडे वळवलं, आणि मी सुटलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आता सापडली, असं मी मनात म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग मला दाबून पुन्हा बंद केलं आणि पायरीवर जाऊन बसली. मला ते सोंग वाटलं. पण उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, तिने मला पुन्हा हात लावला नाही.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा अभ्यासिकेच्या ओसरीतच भरली. सरपंच धुरपताबाईंनी विचारलं, "अभ्यासिका रोज काऊन उघडत नाई?"

"सामान गेलं त जबाबदार कोन?" लक्ष्मणराव म्हणाले. "कुलूप हाय म्हनून सामान हाय."

रीता मागून उठली. "काकाजी, थे कुलूप लागतच नाई."

लोक हसले. ती सरळ दाराशी आली, मला वर उचललं, डावीकडे वळवलं. मी सगळ्यांसमोर सुटलो आणि हसू थांबलं. मग कोणीतरी म्हणालं, "पाहा. बेड्यावरच्याईलेच कसं माहीत?"

हात दाखवून अवलक्षण झालं. तरी रीता दाराशीच उभी राहिली. "होळीपासून माहीत हाय मले. यादी घेऊन सामान पाहून घ्या."

यादी आली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त एक पुस्तक नव्हतं, ते मिहिरच्या घरी निघालं.

"पाच महिने दार उघडं होतं," धुरपताबाई म्हणाल्या. "मंग तू आत काऊन नाई गेली वं?"

"मले घुसाचं नवतं, ताई," रीता म्हणाली. "मले बसाचं होतं."

मी तेव्हा लक्ष्मणरावांच्या हातात होतो. त्यांचा अंगठा माझ्यावरच्या पोच्यावरून फिरत होता. ते आता बोलतील असं मला वाटलं, पण ते बोलले नाहीत. त्या चौकीत बसवलेल्या पोरांचं देणं त्यांच्याकडे आणि माझ्याकडे अजून बाकी आहे. सभेने मात्र रीताला समितीवर घेतलं आणि किल्ली तिच्याकडे दिली.

आता रोज सकाळी सहाला अभ्यासिका उघडते. बेड्यावरची चार पोरं येतात, मिहिरही येतो. मला अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही, म्हणून मित्रांनो, विनंती एवढीच की तुमच्या दारावरच्या कुलपाला अधूनमधून तेल घाला, आणि दुसऱ्यावर संशय घेण्याआधी आपलंच कुलूप एकदा वळवून बघा. रीताला ते वळण ठाऊक आहे. किल्लीशिवाय ती मला केव्हाही उघडू शकते. तरी ती रोज किल्ली लावते.