हॅलिफॅक्सची टपालथैली

जोथम पेलने आकडा टाकून थैली वर ओढली तेव्हा तिच्यातून खारं पाणी निथळत होतं. पकडलेल्या इंग्रजी जहाजाच्या कप्तानाने ती घाईघाईने समुद्रात भिरकावली होती; ती बुडावी म्हणून तळाशी शिसं बांधायचं मात्र राहून गेलं होतं.

अमेरिकेतल्या मार्बलहेडच्या कप्तान जोथमजवळ इंग्रजांशी लढणाऱ्या अमेरिकी काँग्रेसचा परवाना होता. इंग्रजांची जहाजं पकडायची, माल घ्यायचा, कागद तपासायचे. सैन्याची बातमी शोधत त्याने पत्रं डेकवर वाळत घातली. त्यातलं एक त्याने तांडेल इनॉकला मोठ्याने वाचून दाखवलं. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची टॉमझिन नान्स हॅलिफॅक्सच्या इंग्रज छावणीत खोगिरं शिवणाऱ्या नवऱ्याला लिहीत होती: छप्पर गळतं, तुझी आई माझ्याशी बोलत नाही, मी एक गोष्ट ठरवली आहे, पुढच्या पत्रात कळवते.

"काय ठरवलं असेल हो?" इनॉकने विचारलं. त्याला अक्षरओळख नव्हती.

"माहेरी जाणार."

"छे! ही बाई सासूलाच हाकलील."

हा वाद बारा दिवस चालला. दुसरं जहाज शरण आलं तेव्हा जोथमने मालाआधी टपाल मागितलं. खलाशी एकमेकांना कोपराने ढोसून हसले. टॉमझिनचं तेच तिरकं अक्षर सापडलं. कठड्याला टेकून जोथमने पत्र दोनदा वाचलं आणि खिशात घातलं.

"काय म्हणते?"

"घर विकलं."

"आणि जाणार कुठं?"

जोथमने नकाशा उलगडला आणि हॅलिफॅक्सवर बोट ठेवलं.

तिसऱ्या सकाळी धुकं विरलं. पूर्वेला एकटंच जहाज दिसलं, ओझ्याने खोल बसलेलं. माणसं न सांगताच तोफांकडे धावली; सगळ्यांच्या घरचा हिवाळा त्यावर निघाला असता. मागच्या खेपेला पहिल्याच माऱ्यात इंग्रजांचा आचारी लाकडाची ढलपी घुसून गेला होता. समुद्रात सोडण्यासाठी त्याला शिडाच्या कापडात शिवताना जोथम तिथेच उभा होता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "कोळ्यांचं असेल."

"तीन डोलकाठ्यांचं?"

"मग श्रीमंत कोळी असतील."

कुणी हसलं नाही. एकजण पचकन थुंकला. इनॉक दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिला. मग जोथमजवळ सरकून त्याने हळूच विचारलं,

"तिच्याबरोबर पोरं आहेत?"

"दोन."

इनॉकने दुर्बीण मिटली आणि सुकाणू धरलेल्या खलाशावर खेकसला,

"बघतोस काय? दक्षिणेला वळव! चाळीस तोफा मोजल्यात मी त्याच्यावर!"