एका वायपरवर

या, पुढं सरका. दारात उभे आहेत त्यांनीही आत यावं. पोलंडातल्या एका इवल्याशा गाडीची आणि तिच्यातल्या सासू-जावयाची गोष्ट सांगतो. हसत घरी जाल.

झेनोननं सरकारी कारखान्याकडं नाव नोंदवलं तेव्हा त्याची लेक पाळण्यात होती. गाडी दारात आली तेव्हा ती पाढे म्हणत होती. या गाडीला सगळा देश मालुख म्हणे, म्हणजे छोटुकली. इंजिन मागं, सामान पुढं आणि गुडघे हनुवटीशी! दुकानात वायपर औषधालाही मिळायचा नाही, म्हणून चोरीला जायचा. गाडी उभी केली की लोक दोन्ही वायपर काढून पिशवीत टाकत. झेनोन तर चर्चच्या आवारातही काढायचा.

"प्रभूच्या दारातसुद्धा चोर दिसतात का हो, जावईबापू?" सासूबाई गेनोवेफा टोमणा मारायच्या.

"प्रभूवर भरवसा आहे, आई. भक्तांचं सांगवत नाही."

लिपोव्याला संत आन्नाची जत्रा होती. तिथलं पहिलं भजन गेनोवेफाबाईंनीच उचलायचं, ही जुनी रीत. पण यंदा आवाज साथ देईना. "एवढ्या वर्षी गाऊ दे, मग मिटलं तोंड तरी चालेल," म्हणत त्या नाइलाजानं त्या 'डब्यात' बसल्या. मागं बायको नि लेक. निघाल्यापासून बाईंचा गजर सुरू: "हळू! गाय! अहो खड्डा, खड्डा!" ओरडून ओरडून घसा आणखी बसला. झेनोनला वाटलं, पोचेपर्यंत गाण्यापुरताही आवाज उरणार नाही.

तेवढ्यात पाऊस कोसळला. वळणावर दुसरी मालुख उभी. आत दोन सिस्टर, बाहेर छत्रीखाली, जत्रेची प्रार्थना सांगायला निघालेले फादर काझिमिर.

"फादर, वायपर?"

"गेल्या रविवारी 'चोरी करू नको' यावर तासभर बोललो, बाळा. बाहेर येतो तर दोन्ही गायब!"

"काढून नव्हते ठेवले?"

"चर्चचं आवार होतं ना!"

झेनोननं सासूकडं पाहिलं नाही. तेवढंच पुण्य. तिकडं चालवणारा डावीकडं बसतो; त्यानं आपल्या गाडीचा उजवा, सासूबाईंच्या बाजूचा वायपर उपसला. सगळ्या मालुखी एका साच्यातल्या. फादरच्या डाव्या बाजूला तो बिनबोभाट बसला.

"आणि माझ्या बाजूची काच?" सासूबाई कडाडल्या.

"आई, फादरच पोचले नाहीत तर गाणार कुणापुढं?"

गाड्या निघाल्या. बाईंपुढं नुसतं पाणी. गाय दिसेना, खड्डा दिसेना; ओरडायचं तरी कशावर? त्यांनी डोळे मिटले आणि भीतीनंच हळू आवाजात भजन धरलं. उरलेला वायपर ठेका देत होता. मागून नातीनं सूर मिळवला. दुसऱ्या कडव्याला घसा मोकळा झाला, तिसऱ्याला आवाज छताला लागला. झेनोनला पहिल्यांदाच गाडी चालवायची मजा आली.

लिपोव्याला उतरून तो लगबगीनं चर्चकडं निघाला, तशा सासूबाई ओरडल्या, "अहो, तो काढा आधी! एकुलता एक आहे." आणि ओला वायपर त्यांनी स्वतःच्या पिशवीत, भजनाच्या पुस्तकाशेजारी ठेवला. मग त्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि असं काही गायल्या की जत्रेतले खेळणीवालेसुद्धा दुकानं सोडून दाराशी आले.

तर मंडळी, कधी तुमच्या बाजूची काच धुरकटली, पुढचं काही दिसेना, तर चालवणाऱ्यावर ओरडू नका. पिशवीत वायपर घेऊन गाणाऱ्या गेनोवेफाबाईंची आठवण काढा, आणि एक कडवं म्हणा.